मुख्याध्यापक मैदानावर येतो तेव्हा

केनियात रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण २४०० मीटर उंचीवर इटेन नावाचं लहानसं गाव आहे. गावात शिरताना रस्त्यावर कमान लागते आणि ती सांगते की हे विजेत्यांचं गाव आहे. याच गावातल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये १९७६ साली आयर्लंडहून एक तरुण शिक्षक भूगोल शिकवायला आला. नाव ब्रदर कॉल्म ओ'कॉनेल, पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक संघाचा सदस्य. थोड्या काळासाठी म्हणून आलेला हा माणूस तिथेच राहिला, त्या शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि मुख्याध्यापकपद सोडल्यावरही शाळेच्या आवारातल्या घरातून मुलामुलींना धावायला शिकवत राहिला. अॅथलेटिक्सचं प्रशिक्षण त्याने कधी घेतलेलं नव्हतं. तरीही मध्यम पल्ल्याच्या शर्यतींचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास त्याचं नाव टाळून लिहिता येत नाही.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. माझे मामा आधी गणिताचे शिक्षक होते आणि नंतर माण तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. मुख्याध्यापकाचं काम काय, यावर आमचं पटत नाही. ब्रदर कॉल्म यांच्या निमित्ताने तो वाद पुन्हा निघाला. यावेळी मात्र दोघेही मुद्द्याला धरून बोललो, म्हणून तो लिहून काढते आहे.

मामा : तुझ्या ब्रदरविषयी मला आदर आहे. परका मुलूख आपला मानून जन्मभर राहणं सोपं नाही. पण एक सांग, ते आले १९७६ला. त्यांच्याच शाळेतून शिकलेला माईक बॉईट १९७२ला म्युनिकमध्ये ८०० मीटरचं कांस्यपदक घेऊन आला होता. त्याच्याही आधी, १९६८ला, किप केइनोने मेक्सिकोत १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं. म्हणजे झाडाला फळं आधीपासून लागत होती. मग माळ्याचं कौतुक किती करायचं?

मी : फळं लागत होती, हे खरं. ब्रदर कॉल्म येण्याआधी शाळेत पीट फॉस्टर नावाचे इंग्रज शिक्षक मुलांचा सराव घ्यायचे, धावपटू ब्रेंडन फॉस्टर यांचे भाऊ. ते मायदेशी गेले आणि ती जबाबदारी या नव्या भूगोलाच्या शिक्षकावर आली. पण मामा, उंची, हवा आणि डोंगर यांनीच सगळं होत असेल, तर लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथून ऑलिंपिकचा १५०० मीटरचा विजेता का नाही आला?

मामा : उंची एकटी पुरत नाही, हे मान्य. त्या कालेंजिन लोकांत धावण्याची परंपरा आहे, अंगकाठी आहे, शाळेला चालत-पळत जाण्याची सवय आहे. शिवाय गरिबी. ज्याच्यापुढे दुसरी वाट नसते, तो एका वाटेवर जीव तोडून धावतो. या सगळ्याच्या वर एक गोरा मिशनरी उभा राहतो आणि जगाला कथा मिळते. त्या कथेत धावणारी पोरं मागे पडतात, याचं मला वाईट वाटतं.

मामांचा हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. आफ्रिकेतल्या कर्तृत्वाचं श्रेय बाहेरून आलेल्या माणसाच्या खात्यावर जमा करण्याची सवय जुनी आहे आणि ती वाईट आहे. म्हणून आधी धावणाऱ्यांची नावं घेते. पीटर रोनो, १९८८ सोल, १५०० मीटरचं सुवर्ण, वय अवघं २१. मॅथ्यू बिरिर, १९९२ बार्सिलोना, ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण. इब्राहिम हुसेन, १९८८ला बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारा पहिला आफ्रिकी. विल्सन किपकेटर, ८०० मीटरचा तीन वेळा जगज्जेता. ही सगळी सेंट पॅट्रिक्सची मुलं. शाळेच्या आवारात विजेत्यांच्या नावांची झाडं लावलेली आहेत आणि प्रत्येकापाशी नावाची पाटी आहे. तिथे वर्गात जाणारं पोर रोज त्या पाट्यांवरून जातं. आपल्याच बाकावर बसून गेलेला मुलगा जगात पहिला आला होता, हे त्याला कुणी भाषण करून सांगावं लागत नाही.

मी : मामा, ८०० मीटरचा विश्वविक्रम बघा. १९९७ला किपकेटरने तो १ मिनिट ४१.११ सेकंदांवर आणला. तेरा वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. २०१०ला मोडला डेव्हिड रुडिशाने, आणि रुडिशाचे प्रशिक्षक ब्रदर कॉल्म. २०१२ला लंडनमध्ये त्याने तो १ मिनिट ४०.९१वर नेला. १९९७पासून हा विक्रम इटेनच्या त्या मैदानातून गेलेल्या दोन पोरांकडेच राहिला. हा योगायोग म्हणायचा?

मामा : किपकेटर धावला डेन्मार्ककडून.

मी : हो, तिकडे शिकायला गेला आणि तिकडचाच झाला. नागरिकत्व पूर्ण झालं नव्हतं म्हणून १९९६च्या ऑलिंपिकला मुकलासुद्धा.

मामा : आणि रुडिशाच्या वडिलांनी १९६८ला केनियाकडून रिलेचं रौप्यपदक मिळवलेलं. रक्तातच होतं म्हण.

मी : रक्तात होतं, पण ते ८०० मीटरचं आहे हे कुणाला ठाऊक होतं? २००४ला तो त्यांच्या नजरेला पडला तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि ४०० मीटर धावायचा. मासाई मुलगा, दुसऱ्या भागातून इटेनला शिकायला आलेला. तो सेंट पॅट्रिक्सचा विद्यार्थीही नव्हता, गावातल्या दुसऱ्या शाळेत होता. ब्रदर कॉल्मनी त्याला ८०० मीटरकडे वळवलं. २००६ला तो ज्युनियर जगज्जेता झाला. त्यानंतर काय झालं बघा. २००८चं ऑलिंपिक दुखापतीने हुकलं. २००९च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीतच बाहेर. आपल्याकडे एवढ्यावर पोराला नोकरी शोधायला सांगितलं असतं. तिथे मात्र माणूस तोच राहिला, पद्धत तीच राहिली आणि मैदानही तेच राहिलं.

मामा : पद्धत, पद्धत म्हणतेस. ती काय आहे ते सांग. मी गणिताचा माणूस आहे. नुसत्या श्रद्धेवर मला विश्वास ठेवता येत नाही.

इथे मी मामांना जरा सविस्तर सांगितलं, कारण माझ्या मते खरा ऐवज इथे आहे. इटेनजवळचा कामारिनीचा ट्रॅक साध्या मातीचा होता. पावसात चिखल, उन्हात धूळ. आमच्याकडे स्पर्धेच्या आदल्या दिवशी फक्की टाकून लेन आखतात, त्यापेक्षा फार वेगळा नाही. तिथे ब्रदर कॉल्म यांचा सराव सुरू व्हायचा तो अगदी संथ. जगातला सर्वांत वेगवान ८०० मीटरवाला आणि त्याचे जोडीदार एका रांगेत, पावलाला पाऊल मिळवून, चालण्यापेक्षा जेमतेम जास्त वेगाने धावतात. प्रशिक्षक कडेला उभा राहून बघतो ते पाऊल कुठे पडतं, खांदे वर चढले आहेत का, मान ताठ झाली आहे का. लक्ष, शरीराची सरळ रेषा, स्थैर्य आणि वेळेची जाण, या चार गोष्टी ते पोरांच्या मनावर ठसवतात. वेग त्यांच्यानंतर येतो. कोवळ्या वयात फार अंतर धाववायचं नाही, विश्रांतीला सरावाइतकीच किंमत द्यायची. त्यांनी हे कुठल्या अभ्यासक्रमातून उचललं नाही. पोरांकडे बघून, त्यांना विचारून, वर्षानुवर्षं शिकत गेले. वर्गातला चांगला शिक्षक हेच करतो. मुलाची वही बघून त्याचं कुठे अडतं ते ओळखतो.

मामा : हे मला पटतं. वही बघून शिकवणारा शिक्षक दुर्मीळ असतो. त्यांचं शिक्षकपण मी मान्य करतो. माझा प्रश्न मुख्याध्यापकपणाचा आहे. मुख्याध्यापक सगळ्या मुलांना बांधील असतो. पाचशेतली दहा पोरं जगात चमकली तर पेपरात फोटो येतो. उरलेल्या चारशे नव्वदांचं काय? माझ्या शाळेत दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जायचे आणि पोरं आजीपाशी राहायची. दहावीचं गणित सुटलं तर आयटीआय, पोलीस भरती, काहीतरी. नाही सुटलं तर पुढच्या वर्षी तोही कोयता घेऊन आई-बापांच्या मागे. म्हणून दहावीचे पी.टी.चे तास मी गणिताला घेतले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा ती खुर्ची मिळाली तर पुन्हा घेईन.

हे बोलताना मामांचा आवाज चढला नाही, पण त्यांना ते लागलं होतं हे मला कळत होतं. मी त्या भागातल्या शाळा पाहिल्या आहेत. मार्चमध्ये वर्गातली निम्मी बाकं रिकामी असतात आणि हजेरीच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा लिहिलेला असतो. त्या वहीपुढे ऑलिंपिकचं नाव काढायला जीभ रेटत नाही.

मी : तुम्ही चुकलात, असं मी म्हणत नाही. पण अभ्यास की धावणं, असा सवाल तिथे नव्हता, एवढं बघा. रोनो सोलला जिंकला तेव्हा अमेरिकेत मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीजमध्ये शिकत होता. इब्राहिम हुसेन न्यू मेक्सिको विद्यापीठात गेला. शाळेतले चेरुइयोत जुळे भाऊ, चार्ल्स आणि किपकोएच, तेही माउंट सेंट मेरीजला. धावण्याच्या शिष्यवृत्तीवर पदवी. ज्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, तिथून मुलगा अमेरिकेत शिकायला जातो आणि त्याची फी त्याचे पाय भरतात. तुमच्या पोरांना गणिताने वाट काढून दिली, त्यांच्या पोरांना धावण्याने.

मामा : त्यातल्या किती जणांना?

मी : थोड्यांना.

मामा : तेच म्हणतो. आणि आज त्या इटेनमध्ये काय चालतं तेही सांग ना. शाळा सोडून शेकडो पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, कुणा परदेशी मॅनेजरची नजर पडावी म्हणून. पैसा आला तसं उत्तेजक द्रव्यांचं प्रकरण आलं. २०१७ला आस्बेल किप्रोपसारखा ऑलिंपिक विजेता इटेनमध्येच घेतलेल्या चाचणीत सापडला. आणि ती पोरगी, आग्नेस तिरोप. सप्टेंबर २०२१मध्ये जर्मनीत १० किलोमीटरचा विक्रम करून आली आणि ऑक्टोबरात इटेनच्या घरात तिचा खून झाला. विजेत्यांच्या गावात.

तिरोपचं नाव आलं की मला पुढे बोलवत नाही. पंचविशीतली मुलगी. तिच्या मृत्यूनंतर तिच्या सहकारी धावपटूंनी बायकांवरच्या अत्याचाराविरुद्ध संस्था उभी केली. धावणाऱ्या मुलीच्या हातात अचानक पैसा येतो आणि त्या पैशावर हक्क सांगणारे पुरुष तिच्याभोवती गोळा होतात. हे केनियात आहे, आपल्याकडेही आहे. कुठल्या मुलीने किती पदकं आणली याची यादी सगळे ठेवतात. तिच्या बँकेच्या पासबुकावर कुणाचं लक्ष आहे, हे कुणी विचारत नाही.

मी : हे सगळं खरं आहे. पण याच कारणाने ब्रदर कॉल्म यांचं एक काम मला पदकांपेक्षा मोठं वाटतं. १९८९पासून त्यांनी सुट्टीत शिबिरं सुरू केली. सुट्टीत, म्हणजे शाळा बुडवून नाही. आणि त्या शिबिरांत मुलींना आणलं. त्यांची शाळा मुलांची. गावोगावच्या मुली येणार कुठून, राहणार कुठे, घरचे पाठवतील का, हे प्रश्न तिथेही आपल्यासारखेच होते. मुलगी शर्यत जिंकली तरी पुढच्या वर्षी तिचं लग्न. त्या मुलींना काही आठवडे एकत्र राहायला, खायला, शिकायला मिळालं. जॅनेथ जेपकोस्गेई त्यांच्याकडे तयार झाली. २००७ला ओसाकात ८०० मीटरची जगज्जेती झाली, केनियाची पहिली. पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत आघाडीवर राहून.

मामा : मुलींचं काम मी शंभर टक्के मानतो. आमच्याकडे आठवीनंतर मुली मैदानावर दिसतच नसत. एसटी संध्याकाळी पाचला सुटायची आणि पुढची थेट रात्री. कुठला सराव नि काय.

मी : मग मुख्याध्यापकाने ठरवलं तर निदान तो सराव सकाळी तरी ठेवता येतो ना?

मामा : अगं, मुख्याध्यापकाच्या हातात काय असतं हे तुला ठाऊक आहे. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायसची माहिती, निवडणुकीची ड्युटी, संस्थाचालकांची बैठक. तुझ्या ब्रदरच्या मागे त्यांचा संघ होता, मिशन होतं. संसार नाही, बदली नाही, पोरीचं लग्न नाही. त्यांच्या आयुष्याचं माप आम्हाला लावू नकोस.

या मुद्द्यावर मी मामांशी सहमत आहे. एका ब्रह्मचारी माणसाने दिलेलं आयुष्य हा नियम होऊ शकत नाही. आणि एका माणसावर उभं राहिलेलं काम त्याच्यानंतर कितपत टिकतं, हीही चिंता आहे. कामारिनीचा तो मातीचा ट्रॅक मोठं स्टेडियम बांधायचं म्हणून उकरला आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. सरावासाठी धावपटू दुसरीकडे जाऊ लागले. हे वाचताना मला आपल्याच कुठल्या तरी तालुक्याचं क्रीडासंकुल डोळ्यांपुढे आलं.

मी : मामा, माप लावत नाही. पण आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसला त्याने रौप्य घेतलं. १९९८पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच नेत होता. ती रांग आपल्या बीडच्या पोराने तोडली. सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदाने. आणि तो धावपटू म्हणून घडला कधी? बारावीनंतर सैन्यात गेल्यावर. पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाणारं पोर. त्याच्यातला धावपटू सैन्याने ओळखला.

मामा : सैन्याने ओळखला, चांगलं झालं की.

मी : चांगलं झालंच. पण रुडिशा पंधराव्या वर्षी योग्य माणसापुढे उभा होता. साबळेला त्या वयात तसं कुणी भेटलं असतं तर? मी पदकाचा हिशेब मांडत नाही. जो सैन्यात गेला तो सापडला. जे गेले नाहीत ते कुठे आहेत?

मामा : ऊस तोडतायत. हे बरोबर बोललीस.

मग मामा बराच वेळ रुडिशाच्या लंडनच्या शर्यतीबद्दल विचारत राहिले. ती त्यांनी पाहिली नव्हती. मी मोबाइलवर लावून दिली. ९ ऑगस्ट २०१२. पुढे राहून वेग बांधून देणारा कुणी नाही. रुडिशा सुरुवातीपासून स्वतःच पुढे, आणि मागचे सात जण त्याच्या वेगाने ओढले जातात. शेवटचा, आठवा आलेला धावपटू १ मिनिट ४३.७७ सेकंदांत पोचला. आधीच्या तिन्ही ऑलिंपिकचं सुवर्ण त्याला त्या वेळेने मिळालं असतं. मामांनी आधीच्या विजेत्यांच्या वेळा विचारून घेतल्या, सिडनी, अथेन्स, बीजिंग, आणि मनातल्या मनात वजाबाकी करून मान डोलावली. ब्रदर कॉल्म त्या वेळी लंडनमध्ये नव्हते. इटेनमध्येच टीव्हीसमोर होते.

मामा : तिकडे गेले नाहीत?

मी : नाही गेले.

मामा : हा माणूस मला आवडला. पण दहावीच्या तासाबद्दल माझं मत बदललेलं नाही. निकालाच्या दिवशी पालक मला मैदान विचारत नाहीत, टक्के विचारतात. फार तर एवढं म्हणेन, आठवीपर्यंत पी.टी.च्या तासाला हात लावू नये. त्या वयात पोर कशात आहे हे कुणालाच माहीत नसतं, मुख्याध्यापकालाही नाही.

आमचं दोघांचं एवढ्यावर जमलं. माझं म्हणणं याहून पुढचं आहे. दहावीच्या मुलालाही आठवड्यातून दोन तास मैदान मिळालंच पाहिजे आणि त्याने गणित बुडत नाही, असं मला मैदानावरच्या अनुभवातून वाटतं. ब्रदर कॉल्म यांच्याकडून मी घेतलं ते विश्वविक्रमाचं स्वप्न नव्हे. शाळेचा प्रमुख स्वतः ट्रॅकच्या कडेला उभा राहिला की खेळ हा शाळेचा विषय होतो आणि पोरांना ते लगेच समजतं, ही गोष्ट मी घेतली. त्यासाठी संन्यास लागत नाही, परदेशातून कुणी यावं लागत नाही.

जूनमध्ये शाळांची नवी वेळापत्रकं लागतील. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. पाचवी ते आठवीचा पी.टी.चा एकही तास दुसऱ्या विषयाला देऊ नका, मुलींचा सराव एसटीच्या वेळेत बसेल असा लावा, आणि आठवड्यातून एकदा त्या तासाला स्वतः मैदानावर या.